गुजरात पुढे आहे की नाही, हे नवापूरच्या बाकड्यावर बसून कसं ठरवायचं

नवापूरचं रेल्वे स्टेशन ज्यांनी पाहिलंय त्यांना ते बाकडं माहितीये, अर्धं महाराष्ट्रात आणि अर्धं गुजरातमध्ये. तिकीट खिडकी महाराष्ट्रात, स्टेशन मास्तरचं ऑफिस गुजरातमध्ये, अनाउन्समेंट चार भाषांत. बाहेरची माणसं तिथे उतरून फोटो काढतात. मी सुरत-भुसावळ लाईनवर लहानपणापासून ये-जा करतोय, त्यामुळे मला त्या बाकड्यावर बसलं की दरवेळी एकच गोष्ट सुचते, की इथून डावीकडे सरकलं की एक सरकार आणि उजवीकडे सरकलं की दुसरं, मग बसणाऱ्याच्या खिशात, ताटात, पोरांच्या अंगावर त्याने नक्की काय फरक पडला?

हा प्रश्न आमच्याकडे पुस्तकी नाहीये. आमच्या घरात दर दिवाळीला आणि दर लग्नात ह्यावरून वाद होतो. माझे दोन मावसभाऊ उधन्याला राहतात, एक लूमवर आणि एक मार्केटमध्ये, अर्धा खान्देश तिकडे लिंबायत, उधना, डिंडोलीत पसरलाय, तिकडचे मोठे नेते सी. आर. पाटील हे मूळचे जळगाव जिल्ह्यातले, म्हणजे नातं किती जुनं आणि घट्ट आहे बघा. सुरतहून आलेला भाऊ म्हणतो, तुमच्या महाराष्ट्रात काय ठेवलंय, गुजरात बघा. मामा म्हणतात, सगळी जाहिरात आहे. आणि माझी मावशी शांतपणे म्हणते, "तठे गयं तं हातले काम भेटस, आठे काय शे?" म्हणजे तिकडे गेलं तर हाताला काम मिळतं, इथे काय आहे? तिघांचंही आपापल्या जागी खरं आहे, आणि तिघंही वेगवेगळ्या गोष्टी मोजतायत, म्हणून भांडण संपत नाही. मी ह्या विषयाचे सरकारी आकडे बरेच वाचत असतो, म्हणून म्हटलं एकदा नीट बसून लिहू. एका विचाराचं सरकार एखाद्या राज्यात पंचवीस-तीस वर्षं टिकलं की त्या राज्याची आर्थिक तब्येत कशी तपासायची. मला जे कळलंय ते असं, की तिजोरीची तब्येत वेगळी असते आणि माणसांची वेगळी, आणि दोन्ही रिपोर्ट शेजाऱ्याच्या रिपोर्टशेजारी ठेवल्याशिवाय वाचायचेच नाहीत.

आधी सरकार कोणतं आणि कधीपासून ते. गुजरातमध्ये भाजप मार्च १९९५ ला पहिल्यांदा स्वबळावर आली, केशुभाई पटेल मुख्यमंत्री. मधे १९९६ ला शंकरसिंह वाघेलांनी पक्ष फोडला, दीड-एक वर्षं दुसरी सरकारं आली, आणि मार्च १९९८ पासून आजपर्यंत सलग भाजप. २००१ च्या ऑक्टोबरपासून २०१४ पर्यंत मोदी, मग आनंदीबेन, रूपाणी, भूपेंद्र पटेल. २०२२ ला १८२ पैकी १५६ जागा. आमचा नंदुरबार जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला तो १ जुलै १९९८ ला, म्हणजे हा सलग कारभार आणि आमचा जिल्हा जवळपास एकाच वयाचे आहेत, चार महिन्यांचा फरक.

आता हे सरकार परंपरावादी, उजव्या विचाराचं, उद्योगाला जवळचं वगैरे म्हणतात ते बरोबरच आहे, पण अर्थशास्त्रात उजवं म्हणजे साधारण असं धरतात की टॅक्स कमी, सरकार छोटं, नियम कमी, खाजगी धंद्याला मोकळीक. गुजरातमध्ये सरकार काही छोटं नाहीये. जमीन घेऊन प्लॉट पाडून देणारी जीआयडीसी सरकारी, कालवे सरकारी, खताच्या मोठ्या कंपन्यांत सरकारचा हिस्सा, विजेच्या कंपन्या सरकारी. म्हणजे लेबल बघून निकाल देऊ नका, सरकारने प्रत्यक्ष पैसा कुठून घेतला आणि कुठे लावला ते बघा.

आणि भारतातल्या राज्याच्या हातात टॅक्स असतो तरी किती. २०१७ ला जीएसटी आल्यापासून साबणापासून सिमेंटपर्यंत सगळ्याचा रेट एकत्र ठरतो. राज्याकडे मुख्य उरलंय ते पेट्रोल-डिझेल, दारू, जमीन-घराची स्टॅम्प ड्युटी, गाड्यांचा टॅक्स, विजेवरची ड्युटी. म्हणून अमेरिकेसारखा प्रयोग इथे होऊच शकत नाही. तिकडे कॅन्सस नावाच्या राज्यात गव्हर्नर सॅम ब्राउनबॅक यांनी २०१२ ला इन्कम टॅक्स जोरात कापला, धंदे धावत येतील म्हणून, तिजोरीत खड्डा पडला, शाळांच्या पैशांची ओढाताण झाली, आणि २०१७ ला त्यांच्याच पक्षाचं बहुमत असलेल्या विधिमंडळाने त्यांचा नकाराधिकार बाजूला सारून तो निर्णय फिरवला. आपल्याकडे एवढा मोठा हात फिरवायची मोकळीक कुठल्याच मुख्यमंत्र्याला नाही, त्यामुळे इथे सरकारची कसोटी टॅक्स किती कापला ह्यापेक्षा खर्च कुठे केला ह्यावर जास्त लागते.

तरी सीमेवर राहणाऱ्याला राज्याचा टॅक्स रोज दिसतो. नवापूरकडची गाडीवाली माणसं पेट्रोल गुजरातमध्ये भरतात, लिटरमागे आठ-दहा रुपये वाचतात. पण इकडे शिरपूरवरून सेंधव्याला जा, तिथे मध्य प्रदेश लागतो, तिथे पेट्रोल आपल्यापेक्षाही महाग. दोन्हीकडे वर्षानुवर्षं एकाच पक्षाचं सरकार, आणि पंपावरचा बोर्ड उलटा! आणि दारूबंदी धरा. गुजरातमध्ये राज्य झालं तेव्हापासून, म्हणजे १९६० पासून दारूबंदी, त्यामुळे महाराष्ट्राला दारूवरच्या टॅक्समधून जी मोठी रक्कम मिळते ती गुजरातला मिळतच नाही. हे उत्पन्न नसूनही त्यांचं बजेट जुळतं, ही गोष्ट मान्य करायला पाहिजे.

आता मोठा आकडा, ज्यावरून सगळे भांडतात. दरडोई उत्पन्न. राज्यात वर्षभरात जेवढा माल आणि सेवा तयार झाल्या त्यांची किंमत काढायची, त्यातून झीज वगैरे वजा करायची, आणि लोकसंख्येने भागायचं. २०२२-२३ ला महाराष्ट्र वर्षाला अडीच लाखांच्या आसपास, गुजरात त्याच्या थोडं पुढे, मध्य प्रदेश एक लाख चाळीस हजारांच्या आसपास. म्हणजे सुरतवाला भाऊ जिंकला? थांबा. हा आकडा माल कुठे तयार झाला ते सांगतो, पैसा कोणाच्या घरात गेला ते सांगत नाही. जामनगरची रिफायनरी, १९९९ ला सुरू झालेली, जगातली सर्वात मोठी समजतात, तिची सगळी किंमत गुजरातच्या खात्यात धरली जाते, पण तेवढ्या पैशाच्या मानाने तिथे कामाला माणसं किती कमी लागतात, आणि नफा तर देशभरातल्या शेअरवाल्यांचा. उलट माझा मावसभाऊ उधन्यात लूम चालवतो त्याचं उत्पादनही गुजरातच्या खात्यात, आणि तो साक्रीला आईला पाठवतो ते पैसे महाराष्ट्राच्या ह्या आकड्यात कुठेच येत नाहीत, पण मावशीचं घर त्याच्यावर चालतं. म्हणून दरडोई उत्पन्न हे राज्याच्या कारखान्याचं माप आहे, घराचं नाही. आणि ते सरासरी आहे, मुंबई-ठाणे-पुण्याचं उत्पन्न आणि नंदुरबारचं उत्पन्न एकत्र करून भागलेलं. महाराष्ट्राच्या आर्थिक पाहणीत जिल्हावार यादी काढली की नंदुरबार, गडचिरोली, वाशिम खाली असतात. अडीच लाखांचा आकडा धडगावच्या माणसाला सांगून बघा तो काय म्हणतो ते.

मग वाढीचा वेग. इथे सगळ्यात जास्त फसगत होते, आणि ती दोन्ही बाजूंची होते. कुठलंही सरकार म्हणतं, आम्ही आलो तेव्हा एवढं होतं, आज एवढं आहे. पण सुरुवातीचं वर्ष कोणतं निवडलं ह्यावर सगळं ठरतं. गुजरातमध्ये १९९९ आणि २००० ला दुष्काळ पडले, २६ जानेवारी २००१ ला भूजचा भूकंप झाला, २०००-०१ मध्ये राज्याचं उत्पन्न वाढायच्या ऐवजी घटलं होतं. तिथून मोजायला सुरुवात केली की पुढची वाढ डोळे दिपवणारी दिसणारच, कारण खड्ड्यातून वर येणंही वाढीतच धरलं जातं. ह्याला बेस इफेक्ट म्हणतात. आपल्या शेतात मागच्या वर्षी कापूस एकरी दोन क्विंटल आला आणि ह्यावर्षी सहा आला तर तिप्पट झाला म्हणायचं, पण त्याच्या आधी दरवर्षी पाच येत होता हे सांगायचं नाही, तसं.

आणि उलट बाजू पण, की गुजरात काय १९९५ ला शून्यावर नव्हतं. आणंदचा दूध संघ १९४६ चा, जीआयडीसी १९६२ ची, अंकलेश्वरचं तेल १९६० चं, बडोद्याची रिफायनरी १९६५ ची, आमच्या तापीवरचं उकाई धरण १९७२ ला पूर्ण झालेलं, ज्याच्या पाण्यात आमच्याकडची गावंसुद्धा गेली. बंदरांसाठी वेगळं मंडळ १९८२ ला काढलं. हे सगळं बहुतेक काँग्रेसच्या काळातलं. एवढा लांबलचक समुद्रकिनारा तर कोणाच्याच काळातला नाही. मग १९९१ ला देशाने दारं उघडली तेव्हा ज्यांच्याकडे बंदरं, केमिकल, कापड, व्यापारी पैसा आधीच होता ती राज्यं सगळ्यात आधी धावली. सुरतचं बघा, १९९४ ला प्लेगने हे शहर रिकामं झालं होतं, आमच्याकडची माणसं गाड्या भरभरून परत आली होती, मग एस. आर. राव नावाच्या आयुक्तांनी दोन वर्षांत शहर धुऊन काढलं, आणि ती स्वच्छता सुरतेच्या पुढच्या धंद्याचा पाया झाली असं माझं मत आहे. आज जगातल्या दहातले आठ-नऊ हिरे तिथे घासले जातात. ह्याचं श्रेय कोणत्या पक्षाला द्यायचं? थोडं थोडं सगळ्यांना, आणि बरंचसं तिथल्या कामगारांना आणि व्यापाऱ्यांना.

मला विचाराल तर सलग सरकारचं खरं श्रेय कुठे आहे तर विजेत. २००३ पासून तीन-एक वर्षांत त्यांनी ज्योतिग्राम योजना राबवली, म्हणजे गावातल्या घरांची लाईन वेगळी आणि शेतीपंपाची लाईन वेगळी केली. घराला, शाळेला, पिठाच्या गिरणीला चोवीस तास, शेताला ठरलेले आठेक तास पण पूर्ण दाबाने. ऐकायला साधं वाटतं, पण त्याच काळात आमच्याकडे लोडशेडिंग बारा-बारा तास चालायचं, पोरं दहावीचा अभ्यास कंदिलावर करायची, आणि तापीच्या पलीकडे गुजरातच्या गावांत बल्ब दिसायचे. हे मी डोळ्यांनी पाहिलंय. एवढं मोठं काम गावोगाव खांब रोवून पूर्ण करायला सरकार टिकाऊ लागतं, दर अडीच वर्षांनी मुख्यमंत्री बदलला तर होत नाही, हे मामांनाही मान्य आहे.

शेतीचं मात्र गुंतागुंतीचं आहे. २००२ नंतर गुजरातची शेती जोरात वाढली, त्याच्या मोठ्या जाहिराती झाल्या. पण तिथे चार गोष्टी एकदम आल्या. बीटी कापसाला मार्च २००२ ला परवानगी मिळाली, आणि गुजरातमध्ये तर त्याच्या आधीच चोरीछुपे बीटीची लागवड झालेली होती. पाऊस चांगला झाला, दुष्काळानंतरची वर्षं बरी गेली. सौराष्ट्रात हजारो चेकडॅम झाले, त्यात सरकार होतं आणि लोकांच्या संस्थाही होत्या. आणि नर्मदेचं पाणी आलं. आता चारपैकी पाऊस कोणाचा, बियाणं कोणाचं, चेकडॅम कोणाचे, हे वेगळं काढता येत नाही, आणि जो छातीठोकपणे काढून दाखवतो त्याच्याकडे जरा सावधपणे बघा. आणि नर्मदेचं पाणी म्हणाल तर सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमच्या अक्कलकुवा-धडगावची ३३ गावं गेली. वाटपात महाराष्ट्राला पाणी मिळालं पाव दशलक्ष एकर-फूट, गुजरातला नऊ. वीज २७ टक्के मिळते, ते खरं. पण गुजरातच्या शेतीचा जमाखर्च मांडताना त्या ३३ गावांचा खर्च त्यांच्या वहीत लिहिला जात नाही, आणि आमच्या वहीतही धड लिहिला गेला नाही.

तिजोरी बघू. राज्य कर्जबाजारी आहे का हे बघताना नुसतं लाख-कोटी ऐकून घाबरायचं नाही, कर्ज राज्याच्या वर्षाच्या उत्पन्नाच्या किती टक्के आहे ते बघायचं. दहा लाख कमावणाऱ्यावर दोन लाखांचं कर्ज आणि तीन लाख कमावणाऱ्यावर दोन लाखांचं कर्ज ह्यात फरक आहे ना, तसं. गुजरात आणि महाराष्ट्र दोघंही अठरा-एकोणीस टक्क्यांच्या आसपास, मध्य प्रदेश त्याच्या बरंच वर, पंजाब तर चाळीसच्या पुढे. तूट वर्षाला राज्य उत्पन्नाच्या तीन टक्क्यांच्या आत ठेवायची असा साधारण नियम आहे, गुजरात तो आरामात पाळतो. शिवाय पगार, पेन्शन, व्याज वगैरे रोजचा खर्च भागून वर पैसे उरणं, ज्याला महसुली शिल्लक म्हणतात, ती गुजरातकडे बऱ्याच वर्षांपासून असते, कोविडचं २०२०-२१ सोडलं तर. महाराष्ट्राकडे बहुतेक वेळा तूट. म्हणजे तिजोरीच्या पेपरात गुजरातला चांगले मार्क द्यावेच लागतात, आणि ते दारूच्या पैशाशिवाय मिळवलेत.

पण शिल्लक चांगली की वाईट हे घरात बघून ठरतं. एखाद्याच्या घरी बँकेत एफडी आहे आणि लेकरू अंगाने वाळलंय, तर आपण त्याला काटकसरी म्हणणार का? इथे मला फार आतून बोलावंसं वाटतं, कारण आकडे खरंच असे आहेत. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालची पोरं मोजतात, उंची, वजन, रक्त. २०१५-१६ ला गुजरातमध्ये वयाच्या मानाने उंची खुंटलेली मुलं ३८.५ टक्के होती, २०१९-२१ ला ३९.०. म्हणजे चार-पाच वर्षांत कारखाने वाढले, निर्यात वाढली आणि पोरांची उंची तिथेच. वजन कमी असलेली ३९.७ टक्के. रक्त कमी असलेली मुलं ७९.७ टक्के, पाचातली चार. आता लगेच मामांनी टाळी वाजवू नये, कारण महाराष्ट्र पण ३४.४ वरून ३५.२ वर गेला, म्हणजे आपणही तिथेच अडकलोय, फक्त चार पावलं बरे. देशाचा आकडा मात्र ३८.४ वरून ३५.५ वर उतरला. श्रीमंत दोन राज्यं थांबली आणि देश पुढे सरकला, हे कसं काय, हा प्रश्न मला रात्री झोपू देत नाही. बालमृत्यूत चित्र बरं आहे, २००१ ला हजार जन्मांमागे गुजरातमध्ये ६० बाळं वर्षाच्या आत दगावायची, २०२० ला २३. महाराष्ट्र ४५ वरून १६. दोघांची घट जवळपास सारख्या वेगाने झाली. बाळं जगतायत, पण भरत नाहीत.

आणि मजुरी. रिझर्व्ह बँक दरवर्षी राज्यांचे आकडे काढते, त्यात ग्रामीण भागातल्या पुरुष शेतमजुराची रोजची मजुरी असते. २०२२-२३ ला देशाची सरासरी ३४५.७ रुपये, केरळ ७६४.३, महाराष्ट्र तीनशेच्या आसपास, गुजरात २४१.९ आणि मध्य प्रदेश २२९.२. देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी एक आणि शेतमजुरी तळाला! पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला वाटलं छपाईची चूक असेल. मग लक्षात आलं की ह्याचं उत्तर आमच्याच घरातून जातं. दक्षिण गुजरातच्या बारडोली पट्ट्यातल्या साखर कारखान्यांना ऊस तोडायला कोण जातं? आमचं नंदुरबार, साक्रीचा पश्चिम भाग, डांग. सौराष्ट्रात भागाने शेती करायला कोण जातं? दाहोद, झाबुआ, अलीराजपूरचा आदिवासी. दिवाळीआधी मुकादम उचल देतो, घरदार पोरंबाळं गाडीत बसतात, आणि उन्हाळ्यात परत येताना हिशोब झाला की हातात काय राहतं ते त्यांनाच माहिती. आजूबाजूला एवढी गरिबी आहे म्हणून तिकडे मजुरी वाढत नाही. गुजरातच्या स्वस्त मजुरीत महाराष्ट्राच्या सरकारांचंही अपयश मिसळलेलं आहे, ते वेगळं काढून चालणार नाही.

बेरोजगारीच्या आकड्याचंही तसंच. २०२२-२३ च्या सरकारी पाहणीत गुजरात १.७ टक्के, मध्य प्रदेश १.६, महाराष्ट्र ३.१, केरळ ७.०. ह्यावरून केरळ बुडालं असं कोणी म्हणालं तर त्याला विचारा, मजुरी कुठे जास्त आहे? ह्या पाहणीत वर्षभरात मिळेल ते थोडंफार काम केलं, घरच्या शेतात बिनपगारी राबला, तरी माणूस रोजगारात धरला जातो. ज्याच्या घरी दोन दिवसांचं पीठ आहे तो बेरोजगार राहूच शकत नाही, तो मिळेल त्या भावात जातो. बेरोजगार राहायला बापाची कमाई लागते, शिक्षण लागतं, थांबायची ऐपत लागते. म्हणून कमी बेरोजगारी वाचली की शेजारी मजुरीचा आकडा ठेवायचाच. मावशीचं "हातले काम भेटस" शंभर टक्के खरं आहे, फक्त कामाचा भाव तिने सांगितला नाही.

मध्य प्रदेशचं थोडक्यात सांगतो, कारण तिकडे आमचं कमी जाणं होतं, रावेर-यावलचे केळीवाले सोडले तर, त्यांचं बऱ्हाणपूरच्या भावाकडे रोज लक्ष असतं. तिथे डिसेंबर २००३ पासून भाजप, मधले सव्वा वर्ष कमलनाथ सोडले तर. २००३ ला दिग्विजय सिंहांचं सरकार गेलं तेच वीज-रस्ता-पाण्यावरून, रस्ते इतके वाईट होते की सेंधव्याच्या पुढे गाडी न्यायला माणसं घाबरायची. आज रस्ते बदललेत, सिंचन वाढलं, गहू प्रचंड वाढला. राज्य अजून गरीबच आहे, पण उंची खुंटलेली मुलं ४२.० वरून ३५.७ टक्क्यांवर, कमी वजनाची ४२.८ वरून ३३.० वर आली. नीती आयोगाच्या हिशोबाने बहुआयामी गरीब, म्हणजे पैशाबरोबर शिक्षण, आरोग्य, घर, पाणी हे सगळं धरून जे गरीब ठरतात ते, ३६.५७ टक्क्यांवरून २०.६३ वर. गुजरात त्यात ११.६६ आणि महाराष्ट्र ७.८१. म्हणजे एकाच पक्षाची दोन दीर्घ सरकारं, एकाची तिजोरी भरलेली आणि पोरांचे आकडे थांबलेले, दुसऱ्याची तिजोरी ओढाताणीची आणि पोरांचे आकडे सुधारणारे. २०२१ ते २०२६ ह्या काळासाठी मध्य प्रदेशला केंद्राच्या टॅक्सच्या वाट्यातून राज्यांच्या हिश्श्यातले ७.८५ टक्के ठरले होते आणि गुजरातला ३.४७८, गरीब राज्याला जास्त द्यायचं असा वित्त आयोगाचा नियम आहे, तोही ह्यात धरायला हवा. सरकारचा रंग सांगून ह्यातलं काहीच कळत नाही.

आणि आता आपल्याच घराकडे. नंदुरबार म्हणजे काँग्रेसचा गड होता. माणिकराव गावित इथून नऊ वेळा खासदार झाले, १९८१ पासून २०१४ पर्यंत. इंदिरा गांधी इथे सभा घ्यायच्या. देशातलं पहिलं आधार कार्ड २९ सप्टेंबर २०१० ला आमच्या टेंभली गावात दिलं, मनमोहन सिंग आणि सोनिया गांधी दोघं स्वतः आले होते, मला तो दिवस अजून आठवतो, रस्ता रातोरात झाला होता. एवढं दीर्घ, एवढं जवळचं नातं, आणि २०१५-१६ च्या आकड्यांत जिल्ह्यातली निम्म्याहून जास्त माणसं बहुआयामी गरीब, महाराष्ट्रात सगळ्यात वर. २०१४ ला खासदार भाजपचा झाला, २०२४ ला परत काँग्रेसचा. लोकांनी दोन्ही करून बघितलं.

सातपुड्यात नर्मदेच्या काठाने नकाशावर बोट फिरवा. आमचं धडगाव, पलीकडे मध्य प्रदेशचं बडवानी, खाली गुजरातचा नर्मदा जिल्हा जिथे तो मोठा पुतळा आहे. तीन राज्यं, तीन राजधान्या, वेगवेगळ्या पक्षांची वेगवेगळी वर्षं. २०१८ ला केंद्राने देशातले मागे पडलेले जिल्हे निवडले, आकांक्षित जिल्हे म्हणतात त्यांना, त्यात नंदुरबार आहे, बडवानी आहे आणि गुजरातचा नर्मदाही आहे. नंदुरबार मधे, आणि बाकी दोघं त्याला दोन बाजूंनी चिकटलेले. भिल्ल, पावरा, तडवी, वसावा, एकच डोंगर, एकच नदी. राज्याची तब्येत बघायची तर डॉक्टर जशी नाडी मनगटावर बघतो तशी मी इथे बघतो, गांधीनगर किंवा मुंबईत नाही. गांधीनगरचं सरकार तीस वर्षं टिकलं, भोपाळचं वीस वर्षं, मुंबईचं बदलत राहिलं, आणि ह्या तीन जिल्ह्यांची पोरं मात्र एकाच अंगणवाडीतली वाटतात.

आता जनगणना येतेय. शेवटची झाली २०११ ला, म्हणजे आज आपण जे दरडोई दरडोई म्हणतो ते सगळं अंदाजे लोकसंख्येने भागलेलं आहे. नवीन मोजणीची तारीख १ मार्च २०२७ धरलीये, माणसं मोजायचं काम त्याच्या आधी फेब्रुवारीत होणार. नियम असा की मोजणीच्या पूर्ण काळात जो घरी नसेल तो जिथे सापडेल तिथे मोजायचा. फेब्रुवारीत आमच्या अर्ध्या पाड्यांना कुलूप असतं, माणसं बारडोलीकडे उसाच्या फडात असतात. मी गावातल्या कोयत्यावर जाणाऱ्या दोन-तीन घरांना आत्ताच सांगून ठेवलंय की तिकडे कोणी मोजायला आलं तर झोपडीतल्या सगळ्यांची नावं सांगा, लहान पोरांची पण, आणि मूळ गाव कोणतं विचारलं तर नंदुरबार जिल्हा म्हणून सांगा. एक आजी म्हणाली, तिकडे फडात कोण येईल मोजायला? मी म्हटलं येतील, यायलाच पाहिजे, आणि नाही आले तर मला फोन कर.